वरचा कप्पा

अठ्ठेचाळीसच्या मार्चात कोपनहेगनहून कागद आला:
नामांना यापुढे मोठं अक्षर नाही.
विशेषनामांचं राहील, वाक्याच्या सुरुवातीचं राहील,
बाकी सगळे आजपासून लहान.

लेम्व्हिगच्या छापखान्यात सिग्व्हालने तो
चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला
आणि हात पुसले. हाताला काही लागलं नव्हतं.

एकतीस वर्षं त्याचा उजवा हात
दर तिसऱ्या-चौथ्या शब्दाला वर जायचा.
मोठी अक्षरं वरच्या कप्प्यात, लहान खालच्या.
हेरिंगचा भाव, हरवलेली सायकल,
भाड्याने देणे खोली, खिडकी फ्योर्डकडे:
खोली वर, खिडकी वर,
'स्वच्छ' खाली, 'ताबडतोब' खाली.
शाळेत मास्तर सांगायचे,
ज्याच्यापुढे 'एक' लागतो त्याला टोपी घाल.
एक घोडा. एक मंगळवार. एक भीती.

"शेजाऱ्यांसारखं दिसायला नको," मालक म्हणाले.
शेजाऱ्यांचे बूट पाच वर्षं याच फरशीवर वाजले होते,
त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

पहिल्या दिवशी हात सतरा वेळा वर गेला
आणि रिकामा खाली आला.
प्रुफं तपासणारा थ्युगे, वय तेवीस,
लाल पेन्सिलीने गोल करत हसला:
"काका, सरदारांची सरदारकी गेली."
"आणि राजा?"
थ्युगेने नियम उघडून पाहिला. बराच वेळ पाहिला.
"नुसता राजा असेल तर… लहान."

आदल्या शरदात थोराची निधनवार्ता
त्यानेच जुळवली होती, उलट्या अक्षरांत.
पत्नी, आई, घर, शांतता, सगळी टोपी घातलेली,
चर्चबाहेर उभ्या माणसांसारखी.
दुसऱ्या दिवशी शिसं सुटं करून कप्प्यात टाकलं.
तिच्या शांततेचा 'एस' संध्याकाळी
हेरिंगला लागला.
त्यांच्या भाषेत दोन्ही एकाच अक्षराने सुरू होतात.
धंदाच तसा आहे, अक्षर कोणाचं नसतं.

आता वरच्या कप्प्यात धूळ बसू लागली.
एका सर्वनामाला मात्र कोणी हात लावला नव्हता:
'तुम्ही', अनेकांना म्हणतात ते.
त्यांच्याकडे ते एकच अक्षर, एक उभी रेघ.
आपण नुसता काना डोळ्यांपुढे आणावा,
मागे व्यंजन नसलेला.
तो मोठाच लिहायचा, नव्या नियमातही.
'मी' तर त्यांच्यात कधीच मोठा नव्हता.

मे महिन्यात सस्कॅचवानहून रिग्मोरचं पत्र आलं.
अर्धं घरच्या भाषेत, अर्धं तिकडच्या.
गहू, नवऱ्याची पाठदुखी, बर्फ अजून वितळतोय.
शेवटच्या ओळीवर कुठेतरी पाणी सांडलेलं,
बोटीवर, किंवा तिच्या टेबलावर.
शाई पसरून सगळं निळं झालं होतं,
वाचता येत होती ती एवढी एक उभी रेघ.

तिकडे म्हणे माणूस 'मी'लाच मोठं लिहितो,
हीच रेघ, अशीच ताठ.
मग ही रेघ कोण?
तिकडची असेल तर ती एकटी, गव्हात उभी.
इकडची असेल तर 'तुम्ही',
म्हणजे पोरीच्या हाताला अजून
'तू' लिहायची सवय झालेली नाही.

थ्युगेला विचारता आलं असतं. त्याने कागद घडी केला.

रात्री उत्तर लिहायला बसला.
वाक्याची सुरुवात 'इथे'ने केली,
म्हणजे मोठं अक्षर तिथे खर्ची पडतं
आणि पुढच्या शब्दाकडे कोणाचं लक्ष जात नाही.
इथे आम्ही बरे आहोत, त्याने लिहिलं.
'आम्ही' त्यांच्यात पहिल्यापासून लहान.
नियमाबाहेर काही झालं नाही.